फिरकी आणि वार : मर्दानी खेळाचा विसरलेला अर्थ

#धागा

१) पट्टा, लाठी, फरीगदगा, बोथाटी, लेझीम. यांतील प्रत्येक हालचालीला एकेकाळी नेमके काम होते. ते काम विसरून नुसती हालचाल पाठ केली तरी परंपरा टिकते, असा सोयीस्कर समज महाराष्ट्रात रूढ झाला आहे. हा धागा त्या समजाविरुद्ध आहे.

२) नागपूरच्या उत्तरेस, कामठी तालुक्यात, कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबेचे स्थान आहे. नवरात्रात तेथे भाविकांची रीघ लागते. याच दिवसांत विदर्भातील गावोगावच्या मिरवणुकांत लेझीम वाजते, लाठी फिरते, एखादा पट्टेकरी लिंबू कापून दाखवतो. टाळ्या पडतात. ‘हा हात कशासाठी?’ असे मात्र कुणी विचारत नाही; आणि विचारलेच तर उत्तर देणारा क्वचित सापडतो.

३) आरंभ लेझीमपासून करणे योग्य, कारण ती शाळेत बहुतेकांच्या हातून गेली आहे. शब्द फारसी. अर्थ : सरावाचे धनुष्य. प्रत्यंचेच्या जागी लोखंडी साखळी, साखळीत चकत्या. इराणच्या पारंपरिक व्यायामशाळांत, म्हणजे जूरखान्यांत, याच घराण्यातले जड साधन ‘कबादा’ या नावाने आजही डोक्यावर धरून दोन्ही बाजूंना हेलावले जाते.

४) धनुष्य ओढताना भार नुसत्या दंडावर पडत नाही, तो खांद्यावर, पाठीवर, दोन खवाट्यांच्या मधल्या स्नायूंवर पडतो. साखळीचे वजन छातीसमोरून बाजूला नेण्याची लेझीमची मूळ हालचाल नेमका तोच भाग घडवते. चकत्यांच्या आवाजाने ताल सांभाळता येई. पुढे लेझीम हलकी झाली, ढोल-ताशाबरोबर चालू लागली आणि धनुष्य स्मरणातून गेले.

५) यात कुणाचे नुकसान झाले नाही. लेझीम खेळणारा कुणीही ‘हे धनुर्विद्येचे शिक्षण आहे’ असे सांगत नाही. साधनाचे काम बदलले, ते उघडपणे बदलले. वाद लेझीमशी नाही. वाद आहे तो युद्धकला म्हणवून घेणाऱ्या, पण युद्धाचा एकही प्रश्न स्वतःला न विचारणाऱ्या प्रात्यक्षिकांशी.

६) दांडपट्टा घ्या. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. गौरव योग्यच. परंतु राज्यशस्त्र ठरलेल्या हत्याराचा एकेक हात काय करतो, हे सांगता येणे ही त्या गौरवाची पहिली अट असायला हवी होती. फलकावर चित्र लावणे सोपे. हात वाचणे कठीण.

७) पट्ट्याची रचना पाहिली की अर्थ उलगडू लागतो. पाते लांब, सरळ, दुधारी, पातळ आणि लवचीक. मूठ तलवारीसारखी नाही : लोखंडी खोबळ्याच्या आत एक आडवा दांडा असतो आणि हात जवळजवळ कोपरापर्यंत झाकला जातो. परिणाम एकच, पण निर्णायक. मनगट बांधले जाते.

८) तलवारबाज मनगट वळवून वाराची दिशा ऐनवेळी बदलू शकतो. पट्टेकऱ्याला ती मुभा नाही. त्याचा वार कोपरातून, खांद्यातून, कमरेतून आणि शेवटी पायांतून निघतो. म्हणून पट्ट्याच्या शिक्षणात हाताआधी पवित्रा येतो. पवित्रा म्हणजे पायांची ठेवण आणि त्यांची चाल. तो चुकला तर वार लागतच नाही.

९) आता ती प्रसिद्ध गिरकी. लांब पात्याचा जोरदार वार हुकला तर बांधलेल्या मनगटाने तो रोखता येत नाही. रोखायला गेल्यास पाते डगमगते आणि धडधाकट गडीही तोल गमावतो. म्हणून वेग तसाच पुढे वाहू द्यायचा, शरीर त्याच्याबरोबर वळवायचे आणि पुढचा वार त्याच वेगातून काढायचा. गिरकी म्हणजे हुकलेल्या वाराची भरपाई.

१०) हे कळले की तिची किंमतही कळते. गिरकी घेताना क्षणभर पाठ शत्रूकडे होते. समोर एकटा कसलेला भालेकरी असेल तर तो क्षण जीवघेणा. गिरकीला अर्थ येतो तो चहूबाजूंनी कोंडी झाल्यावर, जेव्हा कुठल्या ना कुठल्या शत्रूकडे पाठ असणारच आहे आणि सर्वांना दूर ठेवणे हेच काम उरले आहे.

११) रंगमंचावर मात्र एका प्रतिस्पर्ध्यासमोर सलग दहा गिरक्या घेतल्या जातात. जो हात नाइलाजाचा होता तो दिमाखाचा झाला. पाहणाऱ्याला वेग दिसतो. वेग कशासाठी होता ते दिसत नाही. अशा प्रात्यक्षिकाला ‘शिवकालीन युद्धकला’ म्हणणे हा शिवकाळावर अन्याय आहे.

१२) आणखी एक साधा हिशोब. हाताची लांबी आणि पात्याची लांबी मिळवली तर पट्टेकऱ्याला आपल्याभोवती मोठे मोकळे वर्तुळ लागते. म्हणजे दोन पट्टेकरी खांद्याला खांदा लावून उभे राहू शकत नाहीत. शत्रूआधी सोबतीच कापला जाईल. हे रांगेत लढण्याचे हत्यार नव्हे. अंगरक्षकाचे, खिंड अडवणाऱ्याचे, माघार झाकणाऱ्याचे हे हत्यार.

१३) परंपरा काय सांगते ते या हिशोबाशेजारी ठेवून पाहावे. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड : सय्यद बंडाचा हात जिवा महालाने पट्ट्याने कलम केला. तेथे जिवा महाला अंगरक्षक होता. जुलै १६६०, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे : बाजीप्रभू देशपांडे घोडखिंड अडवून राहिले. तेथे काम माघार झाकण्याचे होते.

१४) दोन्ही कथांत पट्टा जेथे शोभतो तेथेच आला आहे. परंपरा सांगणाऱ्यांना हत्यार ठाऊक होते. आजच्या जाहिरातींतील ‘एक पट्टेकरी शंभरांना भारी’ हे वाक्य मात्र हत्यार ठाऊक नसलेल्याचे आहे. शंभरांना अडवते ती खिंड, तिची रुंदी आणि तेथे उभ्या राहिलेल्या माणसाचे काळीज. हत्यार त्याला मदत करते.

१५) लिंबू कापण्याचा खेळ. तळहातावर, जमिनीवर, कधी झोपलेल्या माणसाच्या अंगावर लिंबू ठेवून पट्ट्याने कापतात. याला नुसती करामत समजणारे चुकतात. पातळ, लवचीक पाते तिरपे बसले तर कापत नाही, वाकते. लिंबाचे दोन स्वच्छ भाग झाले म्हणजे धार सरळ बसली. तळहात शाबूत राहिला म्हणजे वार हव्या त्या खोलीवर थांबला.

१६) म्हणजे लिंबू ही परीक्षा होती, आणि तिचे विषय दोन : धारेची दिशा आणि अंतराचा अंदाज. आता डोळ्यांवर पट्टी बांधून तेच लिंबू कापले जाते. डोळे झाकल्याने यांपैकी कोणत्या विषयात भर पडते? कोणत्याही नाही. वाढतो तो प्रेक्षकांचा थरार, आणि लिंबू ठेवलेल्या माणसाचा धोका.

१७) लाठीकडे वळू. दोन्ही हातांनी, अंगाच्या दोन्ही बाजूंनी काठी फिरवणे हा लाठीचा पहिला धडा. त्याने मनगट आणि खांदे मोकळे होतात, डावा हात उजव्याइतका चालू लागतो, काठीचे टोक कोठे आहे हे न पाहता कळू लागते. धडा उत्तम आहे. पण तो धडा आहे, लढाई नव्हे. बाराखडी म्हणजे पत्र नव्हे, तसेच.

१८) ‘काठी इतकी वेगाने फिरते की दगडसुद्धा आत येत नाही,’ असे अभिमानाने सांगितले जाते. फिरती काठी पहिल्या ठोस आघातालाच थांबते, हे दोन माणसांनी दोन काठ्या घेऊन एकदा पाहिले की पुरे. फिरवण्यातला खरा लढाऊ भाग पूर्ण चक्राचा नसून अर्ध्या चक्राचा आहे : आपटून उलटलेल्या काठीचा झोक वाया न घालवता त्यातूनच दुसरा वार काढणे.

१९) माडूचेही तेच. काळविटाची दोन शिंगे उलटसुलट बांधलेले, मध्ये मूठ असलेले हे साधन. कधी मुठीवर छोटी ढालही असते. काम उघड आहे : आलेला वार बाजूला सारायचा आणि त्याच हालचालीत जवळ घुसून टोक रुतवायचे. हे जवळच्या लढाईचे हत्यार. ते दूर उभे राहून गरगर फिरवले की त्याचे कामच पुसले जाते.

२०) येथे एक आक्षेप हमखास येतो : ‘हे सगळे अनुमान झाले. जुन्या लोकांनी असाच विचार केला होता कशावरून?’ उत्तर परंपरेच्याच पोतडीत आहे. तिने दोन साधने मागे ठेवली, आणि दोन्ही या वादात साक्षीदार म्हणून उभी राहतात. फरीगदगा आणि बोथाटी.

२१) गदगा म्हणजे कातडे मढवलेली काठी, तलवारीच्या जागी. फरी म्हणजे छोटी ढाल. बोथाटी म्हणजे भाल्यासारखी लांब काठी, टोकाला मऊ बोंडी. नावातच बोथटपणा. ही साधने कुणी बनवली आणि कशासाठी? एकट्याने हवेत फिरवायचे असते तर कातडे मढवण्याची आणि टोक मऊ करण्याची गरजच नव्हती.

२२) ही साधने एकमेकांवर खरे वार करण्यासाठी होती, गडी जखमी होऊ नये, पण वार लागला की नाही हे त्याला कळावे. म्हणजे समोरचा विरोध करत असताना हात तपासण्याची पद्धत या मातीत होती. नंतरच्या पिढ्यांनी नेमकी तीच टाकली आणि फिरकी तेवढी ठेवली.

२३) फरीगदग्यातील वारांची नावेही बोलकी आहेत. ‘शिर’ म्हटले की लक्ष्य डोके. ‘तमाचा’ म्हटले की गालफडाची बाजू. ‘बाहेरा’ म्हटले की बाहेरच्या अंगाने येणारा वार. नाव उच्चारताच कोणावर, कोठे, कोणत्या बाजूने हे कळते. आज अनेक ठिकाणी हात नावांऐवजी आकड्यांनी शिकवले जातात : एक, दोन, तीन. आकड्यात शत्रू नसतो.

२४) मराठी भाषेने मात्र हे विसरायला नकार दिला आहे. पुढारी ‘आक्रमक पवित्रा’ घेतात, विरोधक ‘हूल’ देतात, दोघेही ‘डावपेच’ लढवतात. या साऱ्या शब्दांत समोर कुणीतरी आहे. वर्तमानपत्रातील पवित्र्याला प्रतिस्पर्धी असतो आणि आखाड्यातील पवित्र्याला नसतो, ही विपरीत अवस्था आहे.

२५) तुलनेसाठी कुस्ती पाहावी. जोर-बैठका एकट्याने मारल्या जातात, डाव जोडीने घोटले जातात. धोबीपछाडचा उपयोग मल्लाला समजावून सांगावा लागत नाही; समोरचा गडी रोज अंगाने विरोध करतो आणि कच्चा डाव त्याच दिवशी उघडा पडतो. कुस्तीचा अर्थ हरवला नाही याचे कारण पुस्तके नव्हेत. कारण लाल मातीतला तो दुसरा माणूस.

२६) मल्लखांबाचा प्रवास उलट दिशेने झाला. नावाप्रमाणे तो मल्लाचा खांब. मल्लाने पकड, मांड्यांची आवळ आणि अंगाची लवचिकता घोटण्यासाठी वापरायचा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांचे नाव त्याच्या पुनरुज्जीवनाशी जोडले जाते. आज तो स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे, गुणांकनासह. तो स्वतःला कुस्ती म्हणवत नाही, म्हणून त्याच्याविषयी तक्रारही नाही.

२७) मग लाठी-पट्ट्याचा दुसरा माणूस गेला कोठे? उत्तर इतिहासात आहे, आणि कोराडीपासून फार दूर नाही. २६-२७ नोव्हेंबर १८१७ : सीताबर्डीची लढाई, नागपूरकर भोसल्यांचा पराभव. १८२१ : कोराडीच्या शेजारी कामठीस इंग्रजांची छावणी. १८५३ साली तिसऱ्या रघुजींचा मृत्यू, आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा.

२८) १८७८ साली हत्यारबंदीचा कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. ज्यांच्या घरी पट्टा आणि तलवार होती त्यांच्यापुढे मार्ग थोडे होते : ती दडवणे, मोडणे, किंवा ‘हा खेळ आहे’ असे सांगणे. ‘मर्दानी खेळ’ या नावातला ‘खेळ’ हा शब्द या परिस्थितीत फार उपयोगी पडला.

२९) खेळ म्हणून तो वाचला, हे उपकारच. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी आखाड्यांना आश्रय दिला. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. अमरावतीत १९१४ साली उभ्या राहिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांचे प्रात्यक्षिक दाखवले.

३०) या साऱ्यांचे ऋण मोठे आहे. परंतु प्रात्यक्षिकाला स्वतःचा स्वभाव असतो. शंभर माणसांनी एकाच वेळी करता येईल ते त्यात टिकते. दूरच्या रांगेतून दिसेल ते टिकते. जवळ घुसून दाबलेले मनगट, अर्ध्या पावलाची माघार, न दिसणारी हूल यांना तेथे जागा नसते. जे दिसत नाही ते हळूहळू शिकवलेही जात नाही.

३१) हे महाराष्ट्रातच घडले असे नाही. ओकिनावा बेटावर इतोसू अंको यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कराटे शाळांत नेले. वर्गभर मुलांना एकत्र करता येतील असे सोपे ‘काता’, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, त्यांनी बसवले. १९२२ साली फुनाकोशी यांनी तोक्योत प्रात्यक्षिक दिले आणि कराटे जपानभर, पुढे जगभर गेले.

३२) मालिका जगभर गेल्या, त्यांचा अर्थ वाटेत गळाला. लाखो लोक हवेत ठोसे मारू लागले. तेथील विचारी शिक्षकांनी मात्र एक प्रश्न सोडला नाही : या हालचालीचे ‘बुंकाई’ काय? बुंकाई म्हणजे उकल. जो हात नुसता मागे खेचलेला दिसतो, त्या हातात शत्रूचे मनगट धरलेले असले तर? मग तीच हालचाल ओढून तोल बिघडवण्याची होते.

३३) तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये काता हा स्वतंत्र पदकाचा प्रकार होता आणि प्रत्यक्ष लढतीचा वेगळा. दोन गोष्टी, दोन नावे, दोन पदके. सुंदर हालचालीला सौंदर्याचे गुण मिळाले, लढतीला लढतीचे. महाराष्ट्रात मात्र सौंदर्याला लढतीचे प्रमाणपत्र वाटले जाते. गोंधळाचे मूळ येथे आहे.

३४) ‘एवढे काय बिघडले? आता बंदुकांचा काळ आहे.’ बिघडते ते असे. शाळांतून, शिबिरांतून मुलींना दहा दिवस लाठी फिरवायला शिकवून त्याला ‘स्वसंरक्षण’ म्हटले जाते. त्या मुलीने दहा दिवसांत एकदाही विरोध करणारा माणूस समोर अनुभवलेला नसतो. हात धरला तर काय, काठी पकडली तर काय, पळायचे केव्हा, हे तिला कुणी सांगितलेले नसते.

३५) खोटा आत्मविश्वास हा भीतीपेक्षा घातक. घाबरलेली मुलगी निदान ओरडते, पळते. फिरकीवर विश्वास ठेवणारी थांबते. प्रमाणपत्र देणाऱ्याने हा हिशोब स्वतःशी मांडावा. हालचालीचा अर्थ ही पंडितांची चैन नाही. तो चुकीचा शिकवला तर त्याची किंमत शिकवणारा मोजत नाही, शिकणारी मोजते.

३६) ‘गुरूंनी अर्थ गुप्त ठेवला आहे,’ हा शेवटचा बचाव. काही ठिकाणी तो खरा असेल. पण जे गुरूंनी सांगितले नाही, शिष्याने विचारले नाही आणि आता कुणालाच ठाऊक नाही, त्याला गुपित म्हणत नाहीत. ते हरवलेले असते. हरवल्याची कबुली दिली तर शोध सुरू होतो. गुपित म्हटले की शोध थांबतो.

३७) उलट चूकही टाळायला हवी. काही उत्साही मंडळी प्रत्येक बोटाच्या वळणाला प्राणघातक अर्थ चिकटवतात. काही हालचाली नुसत्या व्यायामाच्या असतात, काही देवीला किंवा गुरूला वंदनाच्या, काही प्रेक्षकांसाठी नंतर घातलेल्या. हालचाल वाचणे म्हणजे या चार गोष्टी वेगळ्या करणे. ‘हे वंदन आहे, वार नव्हे’ हेही उत्तरच आहे.

३८) त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. हा हात कोणावर : पायदळावर, स्वारावर, भाल्यावर की तलवारीवर? किती अंतरावरून? आणि हुकला तर पुढे काय? तिन्हींची उत्तरे जुळली तर अर्थ टिकाऊ. एकही जुळले नाही तर तो अर्थ टाकावा, मग तो कितीही रोमांचक असो.

३९) कामही डोंगराएवढे नाही. जे वयोवृद्ध वस्ताद आज हयात आहेत त्यांचे हात दोन माणसांनिशी, संथ गतीने, नावांसह चित्रित करावेत. प्रत्येक आखाड्यात फरीगदगा पुन्हा जोडीने खेळला जावा, डोक्याला आणि हाताला संरक्षण घालून. प्रात्यक्षिकात एक पूर्ण वेगाचा हात दाखवला की तोच एकदा सावकाश, समोर माणूस उभा करून दाखवावा.

४०) खंडेनवमीला महाराष्ट्र शस्त्रांची पूजा करतो. पात्याला तेल लावले जाते, मुठीवर झेंडूचे फूल ठेवले जाते. ती पूजा अवश्य व्हावी. पण लोखंड दोनशे वर्षे फडताळात राहिले तरी लोखंडच राहते. हात तसा राहत नाही. ज्या वस्तादाला अर्थ ठाऊक आहे तो गेला की त्याच्याबरोबर तो हातही जातो. विचारायचे असेल तर आताच विचारावे.

(धागा समाप्त)